भुशीचा बांध आणि खालची माणसे

इंदुरी हे मावळातले नदीकाठचे गाव. तळेगावाहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेनापती दाभाड्यांची जुनी गढी लागते. तिच्या मागे इंद्रायणीचे पात्र आहे. ह्या गावाला नदीची एक खोड पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. श्रावणातली एखादी दुपार असते, गावावर स्वच्छ ऊन पडलेले असते, कपडे बाहेर वाळत घालावे की काय असा विचार बायका करीत असतात, आणि नेमकी त्याच वेळी नदी गढूळ होऊन चढू लागते. पाऊस इंदुरीत पडलेला नसतोच. तो पडलेला असतो पंचवीस-तीस किलोमीटर पश्चिमेला, लोणावळ्याच्या डोंगरांवर. तिथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तालुक्याच्या पूर्वेकडे येता येता तो झपाट्याने उतरत जातो. त्यामुळे खालच्या माणसाला आभाळ पाहून नदीचा अंदाज येत नाही. वर काय चालले आहे ते ठाऊक असावे लागते.

दिवाळीच्या फराळाबरोबर बांधबंधाऱ्यांच्या धोक्याची गोष्ट कोणी वाढीत नाही, हे मला कळते. परंतु हा अंक हाती घेतलेल्या घरांपैकी निम्म्या घरांत तरी लोणावळ्याच्या भुशी बांधावर काढलेले एखादे छायाचित्र असेलच. पायऱ्यांवरून पाणी वाहते आहे, त्यात सारे कुटुंब ओलेचिंब बसले आहे, आजोबांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतले आहे, आणि कोणाच्या तरी हातात तिखटमीठ लावलेले मक्याचे कणीस आहे. ते छायाचित्र समोर ठेवूनच हा लेख वाचावा, अशी माझी विनंती आहे.

भुशीचा बांध माणसांच्या करमणुकीसाठी बांधलेला नाही. तो बांधला इंजिनांसाठी. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात, जी. आय. पी. रेल्वेने मुंबईहून पुण्याकडे येणारी आगगाडी बोरघाट चढवायचे ठरवले, तेव्हाच्या काळाची ती निशाणी आहे. घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. सुमारे पंधरा-सोळा मैलांच्या वाटेत रुळांनी अठराशे फुटांहून अधिक चढायचे होते. काही ठिकाणी चढ सदतीस फुटांस एक फूट इतका खडा. पंचवीस बोगदे, दरीवरचे दगडी पूल, आणि कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर. त्या मजुरांत पटकीने किती गेले ह्याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. ठेवला तो दगडांचा आणि दारूगोळ्याचा. पहिल्या ठेकेदाराने काम सोडले, तेव्हा १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा आला आणि येथे पाऊल ठेवल्यापासून थोड्याच आठवड्यांत मरण पावला. त्याच्या मागे त्याची बायको ॲलिस हिने तो ठेका आपल्या नावावर चालू ठेवला आणि माणसे नेमून काम तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते घाट खुला झाला. सह्याद्रीच्या इतिहासात गडकोट चढून गेलेल्या वीरांची नावे आपण मुलांना पाठ करायला लावतो; एका विधवेने घाट चढवलेला हा पराक्रमही त्यात बसायला हरकत नसावी.

वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणी लागते. घाट चढून धापा टाकीत वर आलेल्या इंजिनाला लोणावळ्यात पोटभर पाणी पाजावे लागे, आणि पावसाळ्यात कोसळणारे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकवायचे तर ते अडवणे भाग होते. इंद्रायणीच्या अगदी उगमाकडच्या अंगाला, गावाबाहेर, रानात हा बांध घातला गेला तो त्यासाठी. त्याच्या खाली त्या वेळी काय होते? ओढा, करवंदीची जाळी, आणि चुकूनमाकून एखादा गुराखी. बांधणाऱ्याने पाण्याचा विचार केला, दगडाचा केला. पायथ्याशी वा अंगाखांद्यावर माणसे असतील असा विचार करण्याचे त्याला कारणच नव्हते.

पुढे १९२९ साली कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने धावू लागली. दुसऱ्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी मुंबईहून निघाली ती घाटात पाण्यासाठी न थांबता. म्हणजे ज्या तहानेसाठी भुशीचा बांध जन्मला ती घाटातली तहान बांधाच्या हयातीतच संपली. माणूस निवृत्त झाला की घरी बसतो. बांधाला तशी सोय नाही. त्याच्या अंगावर पाणी रेटा देतच राहते, मग त्या पाण्याचा कोणाला उपयोग असो वा नसो. आणि निवृत्त बांधाला यथावकाश एक नवा धंदा मिळाला. सांडव्याच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी पाहायला मुंबई-पुण्याचे लोक येऊ लागले, मग त्यात बसू लागले, मग बसण्यासाठीच येऊ लागले. मी स्वतः चाळीसएक वर्षांपूर्वी मामांचा हात धरून तेथे बसलो आहे. तेव्हा पायऱ्यांवर शंभर-दोनशे माणसे असतील. आता आषाढातल्या रविवारी पायरी दिसत नाही, माणसेच दिसतात. आणि लोणावळ्यापासून बांधापर्यंत मोटारींची रांग लागते.

सांडव्याच्या पायऱ्यांचे मूळ काम निराळेच असते. उंचावरून पडणारे पाणी खाली एकदम आदळले तर पायथ्याचा खडक उकरून काढते. पायरीपायरीने आपटत उतरले तर त्याचा जोर वाटेतच जिरतो. थोडक्यात, पाण्याने आपला राग जिथे काढावा म्हणून जागा करून दिलेली असते, तिथेच आपण सहकुटुंब जाऊन बसतो! सांडव्याच्या माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याचा एक हिशेबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. माथ्यावरची पाण्याची जाडी दुप्पट झाली, की वाहून जाणारे पाणी दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होते. आणि वाहत्या पाण्याचा पायांवर बसणारा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. घोट्याइतक्या पाण्यात हसत बसलेल्या माणसाला पोटरीइतके पाणी उठू देत नाही ते ह्यामुळे. मधला वेळ फार नसतो, कारण वरचे पाणलोट लहान, डोंगर उभे, आणि पाऊस लोणावळ्याचा.

येथे एक अमेरिकेतली हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण ती भुशीच्या थोरल्या बहिणीची वाटावी अशी आहे. पेनसिल्व्हेनिया प्रांतात साउथ फोर्क नावाच्या नदीवर सरकारने कालव्यातल्या नौकांना पाणी पुरवण्यासाठी मातीचे धरण बांधले. ते १८५३ च्या सुमारास पुरे झाले न झाले तोच आगगाडी आली आणि कालवा निकामी झाला. धरण विकले गेले. वाटेतल्या एका मालकाने तळाचे पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून मोडीत घातले. शेवटी १८७९ साली पिट्सबर्गच्या धनिकांनी ते विकत घेऊन तेथे मासेमारीचा आणि शिकारीचा क्लब काढला; पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी त्याचा एक सभासद होता. समोरासमोरून दोन घोडागाड्या जाव्यात म्हणून क्लबाने धरणाचा माथा थोडा उतरवून रुंद केला, आणि तळ्यात सोडलेले किमती मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या बसवल्या. ३१ मे १८८९ रोजी प्रचंड पाऊस झाला. जाळ्यांत काटक्या-कचरा अडकून सांडवा तुंबला, तळाचे नळ तर नव्हतेच, आणि पाणी माथ्यावरून गेले. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी जाणे म्हणजे त्याचे आयुष्य संपणे. चौदा मैलांवरचे जॉन्सटाउन शहर त्या दुपारी धुऊन गेले. २,२०९ माणसे मेली. तारा केल्या गेल्या होत्या. परंतु धरण फुटणार ही आवई दर पावसाळ्यात उठत असे, त्यामुळे त्या दिवशीही लोकांनी ती हसण्यावारी नेली. क्लबाला कोर्टात कोणी दोषी ठरवले नाही.

त्या देशाला ह्यातून शहाणपण यायला आणखी नव्वद वर्षे लागली. १९७७ च्या नोव्हेंबरात जॉर्जिया प्रांतात टोकोआ गावी एका शाळेच्या वरचे जुने, मूळचे विजेसाठी बांधलेले आणि नंतर निव्वळ करमणुकीचे तळे राहिलेले धरण रात्री फुटले. एकोणचाळीस जीव गेले. त्यानंतर अध्यक्ष कार्टर यांनी खासगी मालकीच्या धोकादायक धरणांची देशभर तपासणी करायला लावली. त्या देशात धरणांची जी प्रतवारी लावतात, ती समजून घेण्यासारखी आहे. उच्च, मध्यम आणि कमी असे तीन वर्ग. पण हे वर्ग धरणाच्या प्रकृतीचे नव्हेत! धरण फुटले तर माणसे मरण्याचा संभव असेल तर उच्च. माणसे मरणार नाहीत पण मालमत्तेचे मोठे नुकसान होईल तर मध्यम. मालकाखेरीज कोणाचेच फारसे बिघडणार नसेल तर कमी. धरण ठणठणीत आहे की झिजलेले, हे त्या वर्गात पाहिलेच जात नाही; ते निराळे पाहायचे. वर्ग सांगतो तो खालच्या माणसांविषयी. म्हणून असे घडू शकते, की धरणाचा एक दगडही हलला नाही, त्याच्या भिंतीला एक चीरही गेली नाही, आणि तरी त्याचा वर्ग बदलला: कारण खाली वस्ती झाली, किंवा अंगावर जत्रा भरू लागली.

आपल्याकडे प्रथम मोजमाप आले ते धरणाच्या आकाराचे. १९८५ च्या भारतीय मानकाने साठा आणि पाण्याची उंची पाहून धरणांचे लहान, मध्यम व मोठे असे वर्ग केले आणि कोणाचा सांडवा किती मोठ्या पुराला पुरा पडला पाहिजे ते ठरवले. लहान धरणाला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर पुरे. हा शब्द फसवा आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांनी येणारा पूर नव्हे. दर वर्षी शंभरात एक शक्यता असलेला. शंभर वर्षे उभ्या असलेल्या बांधाला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता शेकडा त्रेसष्ट होते. त्याच मानकात एक छोटेसे कलम आहे, की फुटल्यास धोका विशेष असेल तर लहान धरणालाही मोठा पूर धरून चालावे. सारे शहाणपण ह्या एका कलमात आहे, आणि ते वापरायचे की नाही हे खालची माणसे मोजायला कोणी जातो की नाही ह्यावर अवलंबून आहे.

पुण्याच्या माणसाला हा धडा पुस्तकातून शिकावा लागला नाही. तो त्याच्या घरात आला.

खडकवासल्याचे धरण कर्नल फाइफ ह्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली १८६९ ते १८७९ ह्या काळात बांधले गेले. तळ्याचे नाव बरीच वर्षे लेक फाइफ असेच होते. सुमारे तेहतीस मीटर उंचीची, दीड किलोमीटर लांबीची दगडचुन्याची भिंत. बैलघाणीत मळलेला चुना आणि जागच्या जागी फोडलेला काळा दगड, एवढ्यावर ती उभी होती. धरणाच्या पायाखाली शिरलेले पाणी सबंध भिंतीला वर उचलू पाहते, ह्या गोष्टीकडे जगातल्या इंजिनिअरांचे लक्ष गेले ते १८९५ साली फ्रान्समधले बूझे धरण फुटल्यावर. म्हणजे फाइफसाहेबाची भिंत त्या ज्ञानाच्या आधीची. तरी ती ब्याऐंशी वर्षे निमूटपणे पुण्याला पाणी पाजत राहिली. तळ्याकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली. रविवारी पुणेकर डबे घेऊन तेथे जाऊ लागले. वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधायला घेतले होते. ते १९६२ साली पुरे व्हायचे होते. पाणी १९६१ च्या पावसाळ्यातच भरू देण्यात आले.

त्या जुलैत पाऊस असा लागला, की अपुऱ्या धरणात पाणी दिवसागणिक मीटरांनी चढले. पाणी बाहेर सोडण्याच्या विमोचकाचे दार नीट बसलेले नव्हते. अर्धवट उघड्या वाटेतून पाणी बेफाम वेगाने जाऊ लागले, त्याच्या धक्क्यांनी भरावाखालचा बोगदा हादरला, फुटला, आणि वरची माती खचू लागली. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात खचणाऱ्या माथ्यावर वाळूची पोती रचली. माती खचत होती तेवढी ते भरत होते. त्या रात्रीची ती झुंज हा पुण्याच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग आहे, आणि तो ज्यांनी घडवला त्यांची नावे आपल्यापैकी कोणालाही सांगता यायची नाहीत. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले.

ते सारे पाणी खडकवासल्यावर आले. खडकवासला आधीच भरलेले, दारे जवळजवळ पूर्ण उघडलेली. पाणी भिंतीच्या सबंध लांबीवरून वाहू लागले. माथ्यावर त्याची जाडी पावणेतीन मीटरच्या घरात गेली. भिंत थरथरत असल्याचे पाहणाऱ्यांनी सांगितले. ब्याऐंशी वर्षांची ती म्हातारी भिंत अशा अवस्थेत काही तास उभी राहिली, मग तिला भगदाड पडले. तिच्या बांधणीत दोष शोधणाऱ्यांनी हे विसरू नये, की असला पूर तिच्या कर्त्याच्या स्वप्नातही नव्हता. तिच्या वर दुसरे धरण बांधताच तिचा धोका बदलला होता, आणि तिला कोणी ते विचारले नव्हते.

पुण्यात काय झाले ते जुन्या पुणेकरांकडून ऐकावे. डेक्कन जिमखाना, नारायण पेठ, शनिवार पेठ. लकडी पुलावरून पाणी गेले. वाडे जागच्या जागी बसले. इतिहास संशोधक मंडळातली जुनी दप्तरेसुद्धा भिजली. पूर ओसरल्यावर शहराला पाणी नव्हते, कारण नळाला येणारे पाणी ज्या तळ्यातून येई ते तळेच राहिले नव्हते. चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती बावडेकर काम पुरे होण्यापूर्वीच निवर्तले. पुढचे काम न्यायमूर्ती नाईक यांनी केले. दोन्ही धरणे यथाकाल पुन्हा उभी राहिली. पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, आणि त्या वसाहतींची आता नुसती नावे उरली आहेत.

तरीही नदीपात्रात घरे झालीच. नदीकाठी निळी पूररेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची; आणि लाल रेषा, शंभर वर्षांच्या पुराची. नकाशावर त्या ठळक दिसतात, जमिनीवर कोणालाच दिसत नाहीत. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या वसाहतींत लोकांना घरांतून काढावे लागले. धरण त्या दिवशी अगदी शहाण्यासारखे वागले होते.

आता लहान धरणांकडे येऊ. चिपळूण तालुक्यातले तिवरे हे मातीचे छोटे धरण २००० साली पुरे झालेले, म्हणजे वयाने विशीचे. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि खालच्या वाडीतली वीसएक माणसे वाहून गेली. गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. फुटल्यावर मंत्रिमहोदयांनी खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे कारण सांगितले, आणि महाराष्ट्र चार दिवस खेकड्यांवर बोलत राहिला. खेकडे मातीच्या बांधात बिळे करतात हे कोकणातले पोरही जाणते. म्हणूनच तर बांधाकडे दर वर्षी कोणीतरी पाहायचे असते.

देशाने धरण सुरक्षा कायदा केला तो २०२१ साली. ३० डिसेंबरपासून तो अमलात आला. त्यात धरणांची धोक्यानुसार वर्गवारी आहे, पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी आहे, आणीबाणीत कोणी काय करायचे त्याचा आराखडा आहे. चांगला कायदा आहे. पण त्याच्या पंगतीला बसायला उंची लागते: पंधरा मीटरहून अधिक, किंवा दहा ते पंधराच्या दरम्यान असून पाचशे मीटर लांबी, दहा लाख घनमीटर साठा अशांसारखी एखादी अट पुरी करणारी. दहा मीटरपर्यंतचा बांध पंगतीबाहेर. कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. परंतु रेघ भिंतीच्या उंचीवरून ओढली, की भिंतीवर बसलेल्या माणसांची उंची त्यात धरली जात नाही.

ह्याची गंमत लोणावळ्यातच पाहायला मिळते. त्याच इंद्रायणीवर टाटांचे वळवण धरण आहे. जमशेदजींनी पाहिलेल्या जलविद्युतेच्या स्वप्नाची कोनशिला १९११ साली लोणावळ्यात बसली, आणि १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. वळवणची दगडी भिंत सव्वीस मीटरांहून उंच आणि सव्वा किलोमीटरहून लांब. मागे सुमारे सात कोटी घनमीटर पाणी. तिचे वयही शंभरी ओलांडून गेले आहे. पण तिला धनी आहे, पहारा आहे, दप्तर आहे. पाणी सोडायची वेळ आली तर खालच्या गावांना आगाऊ सूचना जाते. तिच्या सांडव्यात कोणी कणीस खात बसत नाही. मोठ्या भिंतीचा धाक वाटतो. भुशीच्या पायऱ्यांचा धाक कसा वाटावा? त्या तर घाटाच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, आणि मराठी माणसाला नदीकाठची पायरी दिसली की तो चप्पल काढून खाली उतरतोच.

३० जून २०२४ हा रविवार होता. भुशी बांधाच्या मागच्या अंगाला रानातून येणाऱ्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे, एक बाई आणि चार मुले, वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसे साऱ्या देशाने पाहिली. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रांसह शोधपथके पाण्यात उतरली. पुढे सायंकाळी सहानंतर जाऊ नये, पाण्यात उतरू नये असे हुकूम निघाले. बांध तेव्हाही जागचा हलला नव्हता. मी हे मुद्दाम सांगतो, कारण बांध फुटणे हाच एक धोका आहे असे आपण धरून चालतो. अपघात भिंतीपलीकडे, बांध भरवणाऱ्या ओढ्यात झाला. परंतु लोकांना त्या रानात ओढून आणले होते ते बांधाने.

आणि मग इंदुरी. गावाजवळच इंद्रायणीच्या पात्रात कुंडमळा आहे. हजारो वर्षे दगडगोटे गरगर फिरवून नदीने काळ्या खडकात रांजणखळगे कोरले आहेत. काठावर कुंडदेवीचे ठाणे आहे. पलीकडच्या शेतांना जाण्यासाठी तेथे सुमारे तीस वर्षांपूर्वी लोखंडी पूल घातला. शेतकरी त्यावरून जात, मुले शाळेला जात, दुधाच्या किटल्या जात. पुलाचेही भुशीसारखेच झाले. कुंडांचे रौद्र पाणी पाहायला त्याच्याइतकी चांगली जागा नव्हती. पूल धोक्याचा आहे असा फलक लागला. नव्या पुलासाठी पैसाही मंजूर झाला होता. १५ जून २०२५ रोजी, पुन्हा रविवारीच, दुपारी, माणसांनी भरलेला तो पूल नदीत कोसळला. चार जण गेले, पन्नासएक जखमी झाले. काही मोटारसायकली घेऊन पुलावर चढले होते. फलक अर्थातच काठावर होता.

पूल म्हणजे धरण नव्हे, हे मला कोणी सांगायला नको. परंतु हिशेब तोच आहे. पूल बांधला तेव्हा एका वेळी चारदोन माणसे आणि एखादे गुरू त्यावरून जाईल असे धरले होते. ते त्याने तीस वर्षे नेले. नंतर त्याच्यावर जे आले, ते कोणत्याही कागदावर आले नव्हते.

लोणावळ्यात दर वर्षी आषाढाच्या तोंडाशी भुशी भरून वाहू लागला, की वर्तमानपत्रांत बातमी येते, आणि त्या रविवारी रस्ता बंद पडतो. बातमीत बांध भरल्याची तारीख असते. बांधाचे वय नसते, सांडव्याच्या माथ्यावर किती जाडीचे पाणी असता पायऱ्या रिकाम्या करायच्या तो आकडा नसतो, आणि कोणाच्या शिट्टीवर उठायचे हेही नसते. एक मोजपट्टी भिंतीवर रंगवून ठेवायला असा किती खर्च येतो? आगगाडीवाल्यांनी त्या काळी तळ्यातल्या पाण्याची पातळी इंचाइंचाने मोजली असणार, कारण इंजिन तहानलेले राहून चालत नव्हते.

गेल्या पावसाळ्यात मी इंदुरीला गेलो होतो. दुपारी ऊन होते. नदी हळूहळू रंग बदलत होती. काठावर म्हशी चारणारे एक आजोबा उठले, खांद्यावरचे घोंगडे सारखे केले, आणि म्हशी चढावर हाकू लागले. आभाळाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

“काय झालं, आजोबा?” मी विचारले.

“लोणावळ्याला लागला आसंल,” ते म्हणाले.